मध्यम सत्तांचे वजन आणि बॉस्फोरसची सामुद्रधुनी

विचारलेला प्रश्न असा आहे की अमेरिका, चीन आणि रशिया यांच्यातील तेढीमुळे जागतिक व्यवस्था गटातटांत विभागली जात असताना तुर्कस्तान, इंडोनेशिया, सौदी अरेबिया, ब्राझील यांसारख्या मध्यम सत्तांचा प्रभाव खरोखर वाढला आहे का, आणि वाढला असेल तर तो टिकणारा आहे का. माझे उत्तर असे की प्रभाव वाढला आहे, परंतु तो सर्वत्र आणि सर्व बाबतींत वाढलेला नाही. तो ठरावीक जागी, ठरावीक विषयापुरता वाढलेला आहे. त्यातही दोन जाती आहेत. एखाद्या करारामुळे किंवा नियमामुळे हाती आलेला अधिकार ही एक जात, आणि दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहून मिळवलेले महत्त्व ही दुसरी. पहिली टिकते. दुसरी कोणत्याही क्षणी काढून घेतली जाऊ शकते, कारण ती मुळात दुसऱ्याने दिलेली असते. वर्तमानपत्रांत मात्र दुसरीचाच गाजावाजा अधिक होतो, आणि त्यामुळे मध्यम सत्तांविषयीचे आपले अंदाज वारंवार चुकतात.

मी मुंबईत जहाजभाड्याच्या व्यवहारात काम करतो. काळ्या समुद्रातून भारतात येणारे सूर्यफूल तेल आणि धान्य वाहून नेणाऱ्या जहाजांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून उत्तरासाठी मी तुर्कस्तानचे उदाहरण घेतो. २०२२ पूर्वी भारताच्या सूर्यफूल तेलाच्या आयातीतील सर्वांत मोठा वाटा युक्रेनचा होता. सोलापूर-लातूरकडचे सूर्यफुलाचे क्षेत्र वर्षानुवर्षे आटत गेल्यामुळे आपल्याकडच्या स्वयंपाकघरातील तेल युक्रेनमधील ओदेसाच्या परिसरातील बंदरांवर अवलंबून राहू लागले होते. त्या बंदरांतून निघालेल्या प्रत्येक जहाजाला बाहेरच्या जगात येण्यासाठी बॉस्फोरस आणि दार्दानेल्स या दोन सामुद्रधुनी ओलांडाव्याच लागतात. बॉस्फोरस सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी ७०० मीटरच्या आसपास भरते, आणि ती इस्तंबूल शहराच्या मधोमध वाहते. वर्षाकाठी ३५ ते ४० हजार जहाजे तिच्यातून जातात.

या पाण्यावर तुर्कस्तानचा जो अधिकार आहे तो केवळ भूगोलाने दिलेला नाही, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर हा प्रदेश तुर्कांच्या हातून जवळजवळ गेला होता. १९२३ च्या लोझान करारानुसार सामुद्रधुनीचा काठ निःशस्त्र करण्यात आला आणि तिच्यावर आंतरराष्ट्रीय आयोग बसवण्यात आला. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, मार्च १९३६ मध्ये जर्मनीने करारान्वये निःशस्त्र ठरवलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले, आणि राष्ट्रसंघाची व्यवस्था कोलमडते आहे हे सर्वांना दिसू लागले. त्या वेळी अंकाराने, म्हणजे तुर्की सरकारने, सैन्य पाठवून काठ ताब्यात घेतला असता तर कोणी फारसे अडवू शकले असते असे वाटत नाही. परंतु तुर्कस्तानने एप्रिल १९३६ मध्ये करारात सहभागी असलेल्या देशांना रीतसर पत्र पाठवले, परिस्थिती बदलली आहे म्हणून फेरविचार करावा अशी मागणी केली, आणि २० जुलै १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे नवा करार पदरात पाडून घेतला. ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ, जपान हे सारे त्यावर सही करणाऱ्यांत होते. मोडत चाललेल्या व्यवस्थेत इतर जण बळाने मिळेल ते घेत असताना एका मध्यम देशाने सर्वांच्या संमतीने कागदावर मिळवलेला तो हक्क आज जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याच्या सर्वाधिक कामी येतो आहे.

त्या कराराचे सार थोडक्यात असे आहे. शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना मुक्त मार्ग आहे. काळ्या समुद्राचा किनारा नसलेल्या देशांच्या युद्धनौकांना आत जाताना टनांची मर्यादा आहे आणि २१ दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नाही. युद्ध सुरू असेल आणि तुर्कस्तान त्यात सहभागी नसेल, तर एकोणिसाव्या कलमानुसार लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना मार्ग बंद होतो. आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांचा तेवढा अपवाद आहे. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तुर्कस्तानने युक्रेनवरील आक्रमणाला अधिकृतपणे युद्ध म्हटले आणि हे कलम लागू केले. शिवाय किनारा असो वा नसो, कोणीच युद्धनौका पाठवू नयेत अशी सूचना सर्वांना केली.

या निर्णयाचा परिणाम एप्रिलच्या मध्यात उघड झाला. १४ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची प्रमुख नौका 'मॉस्क्वा' बुडाली. त्याच वर्गातील रशियन नौका त्या वेळी भूमध्य समुद्रात होत्या, पण त्यांना आत आणता आले नाही. दुसऱ्या बाजूला, काळ्या समुद्राचा किनारा नसलेल्या नाटो देशांच्या युद्धनौकाही आत येणे थांबले, आणि ते रशियाच्या सोयीचे होते. दोघांचेही काही अडले, दोघांनाही काही मिळाले, आणि कोणालाही तुर्कस्तानवर पक्षपाताचा ठपका ठेवता आला नाही, कारण निर्णयाचा आधार जुना आणि सर्वमान्य होता. या नियमाची खरी कसोटी जानेवारी २०२४ मध्ये लागली असे मी मानतो. ब्रिटनने युक्रेनला सुरुंग काढणाऱ्या दोन नौका देऊ केल्या होत्या. तुर्कस्तान स्वतः नाटोचा सदस्य असूनही त्याने युद्ध संपेपर्यंत या नौकांना वाट देता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्याच सुमारास त्याने रोमानिया आणि बल्गेरिया यांच्यासोबत सुरुंग हटवण्याचा करारही केला, म्हणजे काम झाले, पण ते किनाऱ्यावरच्या देशांच्या हातून झाले.

आता दुसऱ्या जातीकडे येतो. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात काळ्या समुद्रातील धान्य निर्यातीचा करार झाला. रशिया आणि युक्रेन एकमेकांशी करार करायला तयार नव्हते, म्हणून एकसारखे दोन दस्तऐवज तयार करण्यात आले: एकावर युक्रेनची सही, दुसऱ्यावर रशियाची, आणि दोन्हींवर तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रांची. ओदेसा, चोर्नोमोर्स्क आणि पिव्देन्नी ही तीन बंदरे खुली झाली, इस्तंबूलमध्ये संयुक्त समन्वय केंद्र उभे राहिले, आणि १ ऑगस्ट रोजी 'राझोनी' हे पहिले जहाज सुमारे २६ हजार टन मका घेऊन ओदेसाहून निघाले. करार संपेपर्यंत जवळपास ३ कोटी ३० लाख टन माल या मार्गाने बाहेर पडला. ज्या देशांचे पोट आयातीच्या गव्हावर चालते त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि त्याचे श्रेय तुर्कस्तानला द्यायलाच हवे.

पण हा करार कामकाजात कसा दिसत असे ते सांगितल्याशिवाय त्याची मर्यादा लक्षात येणार नाही. जहाज बंदराकडे जाताना आणि माल भरून परतताना, दोन्ही वेळा ते इस्तंबूलजवळच्या समुद्रात नांगरून उभे राही, आणि रशियन, युक्रेनियन, तुर्की व संयुक्त राष्ट्रांचे असे चारही बाजूंचे निरीक्षक एकत्र येऊन त्याची तपासणी करत. चौघांपैकी एकाने वेळ काढायचे ठरवले की रांग लांबत जाई. २०२२ च्या अखेरीपासून जहाजे आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभी असत. हा वेळ कोणाच्या खात्यात धरायचा यावरून जहाजमालक आणि भाड्याने घेणारे यांच्यात वाद होत, विलंबाचे शुल्क वाढे, युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता दर फेरीला नव्याने ठरे, आणि या साऱ्याचा बोजा शेवटी मालाच्या किमतीवर पडे. करार अधिकृतपणे चालू असतानाही रशियाला तो हवा तेवढा मंद करता येत होता. पिव्देन्नी बंदर तर मे २०२३ मध्ये करारातून जवळजवळ वगळले गेल्यासारखेच झाले. ज्या देशाच्या सर्वांत मोठ्या शहराचे नाव या कराराला जोडून घेतले जात होते, त्याच्या हाती ही रांग हलवण्याचे साधन नव्हते.

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी आपला नौदल तळ असलेल्या सेवास्तोपोलवरील ड्रोन हल्ल्याचे कारण देऊन रशियाने सहभाग स्थगित केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांनी पुतिन यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले आणि २ नोव्हेंबरला रशिया परतला. त्या आठवड्यात जगभर तुर्कस्तानच्या वजनाची वाखाणणी झाली. पुढच्या वर्षी १७ जुलै २०२३ रोजी रशियाने करार संपवला, तेव्हा तेच दोन नेते होते, तेच संबंध होते, आणि काही उपयोग झाला नाही. पहिल्या वेळी परत येण्यात रशियाचा फायदा होता, दुसऱ्या वेळी त्याला तसे वाटले नाही, एवढाच फरक होता.

त्यानंतर जे घडले ते या विषयाच्या अभ्यासकाने जरूर लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२३ मध्ये युक्रेनने रशियाच्या संमतीविना स्वतःचा मार्ग जाहीर केला. जहाजे किनाऱ्याला धरून रोमानिया आणि बल्गेरियाच्या हद्दीतील पाण्यातून खाली येऊ लागली. रशियाचा ताफा तोवर पश्चिम काळ्या समुद्रातून मागे रेटला गेला होता, आणि त्या ताफ्यात बाहेरून भर पडत नव्हती, कारण एकोणिसावे कलम लागू होते. म्हणजे ज्या मध्यस्थीची इतकी प्रशंसा झाली ती कोसळल्यावरही जहाजे निघाली, आणि ती निघू शकण्यामागे युक्रेनच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांबरोबर तुर्कस्ताननेच मुकाट्याने पाळलेला एक जुना नियम होता.

नियमातून आलेल्या ताकदीचे आणखी एक उदाहरण माझ्या धंद्याच्या अगदी जवळचे आहे. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी रशियन कच्च्या तेलावर किमतीची मर्यादा घातली, म्हणजे त्याहून महाग विकलेल्या तेलाला पाश्चात्त्य विमा मिळणार नव्हता. तुर्कस्तानने त्याच्या आधीच्या दिवसांत आपल्या सागरी प्रशासनामार्फत एक अट घातली की कच्चे तेल घेऊन सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक टँकरच्या विमा संस्थेने, कोणत्याही परिस्थितीत विमा कायम राहील, असे लेखी द्यावे. निर्बंधांचा भंग झाला तरी भरपाई देऊ असे पाश्चात्त्य विमा संस्था लिहून देऊ शकत नव्हत्या. परिणामी टँकरची रांग लागली, आणि त्यांतील बहुतेकांत रशियाचे नव्हे तर कझाकस्तानचे तेल होते, ज्यावर निर्बंधच नव्हते. आठवडाभराहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या आणि मग टँकर सुटले. इस्तंबूलच्या मधोमध एखादा टँकर फुटला तर सफाईचा खर्च कोण देणार, हा तुर्कस्तानचा प्रश्न रास्तच होता. जगातील सात श्रीमंत लोकशाह्यांनी आखलेल्या योजनेला एका प्रशासकीय परिपत्रकाने अडखळायला लावले, हे त्या दिवसांत टँकरच्या प्रतीक्षायादीवर नजर ठेवून बसलेल्या आम्हा सर्वांना स्पष्ट दिसत होते.

नाटोतील प्रकरणही याच जातीचे आहे. नवा सदस्य घ्यायचा तर प्रत्येक विद्यमान सदस्याची संमती लागते. मे २०२२ मध्ये फिनलंड आणि स्वीडन यांनी अर्ज केले, पण तुर्कस्तानने संमती लांबवली. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये आत आला. तुर्की संसदेने २३ जानेवारी २०२४ रोजी स्वीडनला मान्यता दिली आणि त्याच आठवड्यात अमेरिकी प्रशासनाने तुर्कस्तानला सुमारे २३ अब्ज डॉलरच्या एफ-१६ विमानांच्या विक्रीला हिरवा कंदील दाखवला. पण याच देशाने २०१९ मध्ये रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली तेव्हा त्याला एफ-३५ या नव्या पिढीच्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढण्यात आले होते आणि पुढच्या वर्षी अमेरिकी निर्बंधही लागले होते. नकाराधिकार वापरून जे मिळाले ते, दोन्हीकडे पाय ठेवण्याच्या हट्टापायी जे गेले त्यापेक्षा जुन्या पिढीचे विमान होते.

या सर्वांची किंमत घरात मोजावी लागते, आणि मध्यम सत्तांच्या गौरवगाथांमध्ये हा भाग बहुधा गाळला जातो. ज्या ऑक्टोबर २०२२ मध्ये एर्दोगन यांच्या दूरध्वनीची चर्चा जगभर होती, त्याच महिन्यात तुर्कस्तानातील महागाईचा वार्षिक दर ८५ टक्क्यांवर होता. मध्यवर्ती बँकेला व्याजदर २०२३ च्या मध्यापासून ८.५ टक्क्यांवरून मार्च २०२४ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावा लागला. युद्धाच्या पहिल्या वर्षी रशियाशी असलेला व्यापार जवळपास दुप्पट झाला होता. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने रशियाच्या युद्धउद्योगाशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवर कारवाई करण्याचा आदेश काढला आणि काही आठवड्यांतच तुर्की बँकांनी रशियन ग्राहकांचे व्यवहार थांबवायला सुरुवात केली. अंकाराने निर्बंध कधीच स्वीकारले नव्हते, तरी तिथल्या बँकांनी ते मानले, कारण डॉलरमधील व्यवहारांवाचून त्यांचे चालत नाही. जहाजांची वाट तुर्कस्तानच्या हातात आहे, पैशाची वाट नाही.

इंडोनेशियाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात फुटत चाललेल्या व्यवस्थेचा थेट फायदा घेतलेला दिसतो. जगातील निम्म्याहून अधिक निकेल आज तिथल्या खाणींतून निघते. जानेवारी २०२० पासून इंडोनेशियाने कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, जेणेकरून शुद्धीकरणाचे कारखाने देशातच उभे राहावेत. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाविरुद्ध गेला. इंडोनेशियाने अपील दाखल केले, आणि ते अपील ऐकायला कोणी नाही, कारण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे संघटनेचे अपिले ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे. न्यायालय मोडकळीस आल्याचा लाभ इथे एका मध्यम सत्तेला झाला. मात्र उभ्या राहिलेल्या कारखान्यांतील फार मोठा हिस्सा चिनी कंपन्यांच्या मालकीचा आहे, म्हणून हा प्रभाव किती इंडोनेशियाचा आणि किती चीनचा, हे मला अजून अनिर्णित वाटते. शिवाय नियम नसल्याचा फायदा घेणारा देश उद्या त्याच पोकळीत सापडू शकतो, आणि तेव्हा त्याच्याकडे दाद मागायला जागा उरलेली नसेल.

भारताच्या बाजूने पाहिले तर तुर्कस्तानचा हा व्याप आपल्याशी दोन प्रकारे भिडतो. सामुद्रधुनी खुली राहणे आपल्या तेलाच्या भावासाठी आवश्यक आहे. आज युक्रेनची जागा बऱ्याच अंशी रशियाने घेतली असली तरी काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर भरलेले तेलही त्याच बॉस्फोरसमधून येते. दुसरीकडे, तुर्कस्तानची पाकिस्तानशी असलेली जवळीक आपल्याला थेट झळ पोहोचवते. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर भारताने 'ऑपरेशन दोस्त'खाली बचाव पथके आणि लष्करी रुग्णालय पाठवले होते. मे २०२५ मधील संघर्षात पाकिस्तानने वापरलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचे प्राथमिक तपासाच्या आधारे भारतीय लष्कराने सांगितले, आणि काही दिवसांत पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले. मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की मालकीच्या कंपनीची सुरक्षा मंजुरीही रद्द झाली. ड्रोनची निर्यात हे तुर्कस्तानच्या प्रभावाचे एक अभिमानाचे साधन आहे, पण प्रत्येक विक्रीमागे एक ग्राहक आणि त्याचा एक शत्रू असतो, आणि तो शत्रू आपली मोठी बाजारपेठही असू शकतो. मध्यम सत्तेला हे नुकसान पचवणे महासत्तेपेक्षा कितीतरी कठीण जाते.

तेव्हा एखादी मध्यम सत्ता मोठी झाल्याची बातमी वाचताना मी स्वतः एवढेच पाहतो की तिच्या हाती असलेली गोष्ट ती स्वतः बंद करू शकते का. बंद करू शकत असेल, आणि तसे करण्याचा तिचा हक्क इतरांनी मान्य केलेला असेल, तर तिचे वजन खरे आहे. केवळ बैठकीसाठी सभागृह आणि दोन्ही बाजूंशी बोलण्याची सोय एवढेच तिच्यापाशी असेल, तर ते काम मोलाचे असते, त्यातून कैदी सुटतात आणि धान्य पोहोचते. मार्च २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये रशिया-युक्रेन चर्चा इस्तंबूललाच झाल्या याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण त्या कामाला सत्ता समजून त्यावर परराष्ट्र धोरणाची इमारत उभारू नये.

तुर्कस्तानच्या बाबतीत माझी चिंता बाहेरून येणाऱ्या दबावापेक्षा आतल्या एका बेताविषयी आहे. बॉस्फोरसला समांतर असा सुमारे ४५ किलोमीटरचा 'इस्तंबूल कालवा' खोदण्याची योजना एर्दोगन सरकारने मांडली आहे आणि जून २०२१ मध्ये तिच्या मार्गावरील एका पुलाची पायाभरणीही झाली. त्या कालव्याला माँत्रो करार लागू होईल का, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. एप्रिल २०२१ मध्ये शंभराहून अधिक निवृत्त तुर्की नौदल अधिकाऱ्यांनी करार अबाधित ठेवावा असे जाहीर निवेदन काढले, तर त्यांच्यातील काहींना ताब्यात घेण्यात आले. व्यापाराच्या दृष्टीने पाहता, जुना मार्ग मर्यादित सेवाशुल्कात खुला असताना जादा शुल्क भरून कालव्यातून कोणता जहाजमालक जाईल हे मला उमजत नाही, आणि जहाजे वळवायची तर जुन्या मार्गावर अडथळे आणावे लागतील. तसे केले की करारावर सही केलेले देश फेरविचार मागू शकतात, आणि आजच्या जगात असा करार दुसऱ्यांदा घडवून आणण्याइतकी सहमती कोणत्याही टेबलाभोवती जमणार नाही. तो करार उघडला गेला तर सर्वांत मोठे नुकसान रशियाचे किंवा अमेरिकेचे होणार नाही; ते तुर्कस्तानचे होईल, आणि त्यापाठोपाठ काळ्या समुद्राच्या मालावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांचे.